पांढरी कावीळ आणि विषाणूचे एक्स प्रथिन

मराठवाड्यात ज्या आजाराला पांढरी कावीळ म्हणतात, तो हेपेटायटिस बी एकदा यकृतात मुरला की बहुधा जन्मभर का सोडत नाही, याचे उत्तर यकृतपेशीच्या केंद्रकात शोधावे लागते. पेशीत शिरलेल्या विषाणूचा सुमारे ३२०० अक्षरांचा अर्धवट डीएनए पेशीचीच दुरुस्तीयंत्रणा पूर्ण करून देते, त्याचे बंद वर्तुळ बनते आणि माणसाच्या डीएनएप्रमाणे ते हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळले जाते. डीएनए आणि प्रथिने यांच्या या गुंडाळीस क्रोमॅटिन म्हणतात. गुंडाळी सैल असली की जनुके वाचली जाऊन आरएनए तयार होतो व त्यावरून नवे विषाणू घडतात. ती आवळली की वर्तुळ मुके राहते.

ती सैल राखण्याचे काम विषाणूचे एक्स प्रथिन करते. ते अवघ्या १५४ अमिनो आम्लांचे असून, कार्य उमगत नसल्यामुळेच त्याला हे नाव मिळाले. यकृतपेशी स्वसंरक्षणासाठी एसएमसी ५/६ हा प्रथिनसमूह विषाणूच्या वर्तुळावर बसवून त्याचे वाचन बंद पाडते. परंतु एक्स प्रथिन पेशीतील डीडीबी१ या प्रथिनाला हाताशी धरून या रक्षकावर नाशाची रासायनिक खूण चढवते, आणि टाकाऊ प्रथिने मोडणारी पेशीची यंत्रणाच त्याचे तुकडे करते, हे २०१६ साली सिद्ध झाले. एक्स नसलेल्या विषाणूच्या हिस्टोनांवरील ॲसिटिल गट, म्हणजे गुंडाळी सैल ठेवणाऱ्या खुणा, घटतात आणि वाचन दडपणाऱ्या मिथिल खुणा वाढतात. पेशीच्याच यंत्रणेकडून पेशीचा पहारेकरी मारवण्याची ही रीत विषाणूशास्त्रातील अत्यंत विलक्षण रीतींपैकी एक मानली पाहिजे.

२००९ साली गुजरातमधील मोडासा परिसरात या आजाराची साथ येऊन अनेक मृत्यू झाले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्या विषाणूंचा अभ्यास करून नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजांबरोबरच विषाणूतील जनुकीय बदलांकडेही बोट दाखवले. त्यांतील काही बदल ज्या नियंत्रक भागात होते, तो भाग एक्स जनुकाच्या अक्षरांवरच आलेला आहे, त्यामुळे तेथील बदलाने एक्स प्रथिनही बदलू शकते. मात्र ते मृत्यू एक्समुळेच झाले, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही.

टेनोफोविर, एंटेकाविर ही औषधे आरएनएवरून नवा डीएनए बनणे रोखतात, परंतु केंद्रकातील वर्तुळाला ती थेट हात लावत नाहीत. म्हणूनच तपासणीत विषाणू दिसेनासा झाला तरी वैद्यकीय सल्ल्याशिवाय गोळ्या सोडणे धोक्याचे ठरते. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे. जन्माच्या वेळी लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बालकांत आजार दीर्घकालीन होतो, प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. तेव्हा वसमत असो, कळमनुरी, सेनगाव वा औंढा, हिंगोली जिल्ह्यातील प्रत्येक नवजात बाळाला पहिल्या २४ तासांत हेपेटायटिस बीची लस मिळाली की नाही, हे कुटुंबाने प्रसूतिगृह सोडण्यापूर्वी विचारून घ्यावे.