इंग्रजीचा पेपर आणि आपल्या लेकी-सुना

बी.ए.ला बसलेल्या आपल्या कितीतरी जणी बाकी विषय काढतात आणि इंग्रजीत अडकतात. एक विषय राहिला की पदवी राहते. मग मुख्यसेविकेसारख्या पदवी लागणाऱ्या जागेचा अर्जही भरता येत नाही.

सावित्रीबाईंनी 1854 सालच्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. आज नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठामुळे घर-शेत सांभाळून शिकता येतं. म्हणून आम्ही गटाच्या बैठकीनंतर तासभर अभ्यासाला बसतो. आमची रीत सांगतो.

उताऱ्याखालचे प्रश्न आधी वाचायचे, मग उतारा. प्रत्येक अडलेल्या शब्दाशी थांबायचं नाही. मागच्यापुढच्या वाक्यांवरून अर्थ लावायचा.

निबंध पाठ करायचा नाही. विषय बदलला की पाठांतर कामाला येत नाही. आपण म्हणतो, 'आम्ही दूध विकतो'. विकण्याचा शब्द शेवटी. इंग्रजीत तो मध्ये येतो: 'वी सेल मिल्क'. अशी छोटी वाक्यं आधी जमवायची. मग ओळखीचा विषय घ्यायचा, आपली उस्मानाबादी शेळीच घ्या. पहिल्या परिच्छेदात ती का पाळतो, दुसऱ्यात चारा आणि खर्च, तिसऱ्यात विक्री. एका परिच्छेदात एकच मुद्दा.

सासूबाई, दादा, तुम्हालाही विनंती आहे. परीक्षा होईपर्यंत संध्याकाळचा एक तास तिला मोकळा द्या. भाकरी दुसऱ्या कुणी थापली तरी फुगतेच!