पाडकाम पाहायला जाणारी माणसं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू अमेरिकेत राहतेस, तिकडचं काहीतरी सांग. पण नोकरी, मुलं आणि घराचे हप्ते सोडून." अट चांगली आहे. म्हणून आज मी आमच्या ऑरलँडोत भेटणाऱ्या एका जमातीबद्दल बोलणार आहे. विषय थोडा विचित्र वाटेल, पण शेवटी तो आपल्या शाळेपाशीच येऊन थांबणार आहे, तेवढा वेळ सांभाळून घ्या.

ऑरलँडो म्हणजे डिस्ने वर्ल्ड. तुमच्यापैकी काही जण मुलांना घेऊन तिथे जाऊनही आला आहात. तिथे एखाद्या वळणावर रंगवलेलं उंच कुंपण लागतं, मागून क्रेनची मान डोकावत असते, आणि आपण चुकचुकतो की नेमके आपण आलो तेव्हाच हे बंद! पण त्याच कुंपणासमोर तुम्हाला दोन-चार माणसं खुशीत उभी दिसतील. हातात मोठी लेन्स लावलेला कॅमेरा. त्यांच्याकडे वर्षाचा पास असतो, सगळ्या राइड त्यांनी पन्नासदा केलेल्या असतात. आज ती फक्त हे बघायला आलेली असतात की गेल्या आठवड्यापासून किती खांब वाढले, परांची कुठवर चढली, आणि कुठल्या भिंतीला पहिला रंग लागला.

आपल्याकडे जेसीबी चालू असला की भोवती गर्दी जमते आणि आपण तिला रिकामटेकडी म्हणतो. ही माणसं रिकामटेकडी नाहीत. कुणी शिक्षक, कुणी नर्स, कुणी निवृत्त पोस्टमन. पण पार्कमध्ये चाललेल्या बांधकामाचा त्यांचा अभ्यास एखाद्या साइट इंजिनियरला लाजवील असा असतो.

ते हे कसं करतात, ते ऐका. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडशेजारी गाड्या लावायची बहुमजली इमारत आहे. तिथे 'स्टार वॉर्स'वर आधारलेला १४ एकरांचा नवा भाग बांधत होते, तेव्हा हे लोक त्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन फोटो काढायचे. २०१६ ला काम सुरू झालं, ३१ मे २०१९ ला तो भाग उघडला. पहिल्या मातीच्या ढिगापासून शेवटच्या कळसापर्यंतचे फोटो त्यांच्याकडे तारखेनिशी आहेत. फ्लोरिडात तशी गच्ची नाही, मग मोनोरेलच्या खिडकीतून किंवा हॉटेलच्या गॅलरीतून बघायचं. काही जण छोट्या विमानातूनही फोटो काढतात. डिस्नेच्या पार्कांवर ३००० फुटांच्या खाली उडायला २००३ पासून बंदी आहे, त्यामुळे तो नियम पाळून, त्याच्या वरूनच.

यापेक्षाही मला कौतुक वाटतं ते त्यांच्या कागद वाचण्याचं. फ्लोरिडात बांधकाम सुरू करण्याआधी मालकाला काउंटीच्या दप्तरात तशी नोंद करावी लागते. मालक कोण, कंत्राटदार कोण, जागा कोणती. वेगळी मुदत लिहिली नसेल तर ही नोंद एक वर्ष चालते. ती कुणालाही बघता येते. कंपनी कामाचं वर्णन शक्य तितकं मोघम करते, पण कंत्राटदाराचं नाव पाहून ही मंडळी ओळखतात की काम दिव्यांचं आहे, की देखाव्याचं, की नुसत्या छपराचं. शिवाय फ्लोरिडाची जमीन दलदलीची. मोठं काही बांधायचं तर पावसाचं पाणी कुठे जाणार याचे नकाशे पाणी खात्याला द्यावे लागतात. त्या नकाशात गटारांबरोबर नव्या इमारतींची रूपरेषाही येते! त्यामुळे कंपनीने जाहीर करायच्या आधीच यांना अंदाज आलेला असतो. आपल्या भूगोलाच्या बाई नकाशा वाचायला शिकवताना म्हणायच्या की नकाशा बोलतो. तो असा बोलतो.

आता प्रश्न असा, की माणसं जादूच्या नगरीत येऊन सिमेंट का बघतात?

मला वाटतं, त्याचं उत्तर त्या पार्कच्या रचनेतच आहे. तिथे सगळं लपवलेलं असतं. फ्लोरिडातला सिंड्रेलाचा किल्ला १८९ फूट उंच आहे, पण त्यात एकही वीट नाही. आत पोलाद आणि काँक्रीट, वर फायबरग्लास. वरच्या खिडक्या आणि दगड मुद्दाम लहान केले आहेत, म्हणजे खालून पाहणाऱ्याला तो आहे त्याहून उंच वाटावा. आपण ज्या रस्त्यावरून चालतो तो खरं तर दुसरा मजला आहे. खाली कर्मचाऱ्यांसाठी बोगदे आहेत. पण ते जमिनीखाली खणलेले नाहीत, कारण तिथे थोडं खणलं की पाणी लागतं. त्यांनी बोगदे जमिनीवरच बांधले, शेजारचं तळं खणताना निघालेली माती भोवती भरली आणि त्यावर पार्क उभं केलं. विजेच्या पेट्या, दारं, खांब नजरेत भरू नयेत म्हणून त्यांना एक खास मरगळलेला हिरवा रंग देतात.

इतक्या झाकलेल्या जागेत बांधकाम चालू असतं तेवढाच काळ खरं काय ते दिसतं. तिथे एक नदी होती, १९७१ साली पार्क उघडलं तेव्हापासूनची. तिच्यात मोठी बोट फिरायची. लोकांना वाटायचं, कप्तान ती चालवतो. ती चालायची पाण्याखालच्या रुळावर! नदीचं पाणी काढलं की तो रूळ उघडा पडायचा, आणि तो बघायला हे लोक हजर. फसवणूक उघडी पडली म्हणून त्यांना राग येत नाही. उलट, हे कुणीतरी इतक्या विचाराने केलंय, हे कळून त्यांचं प्रेम वाढतं.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि ती दुखरी आहे. नवं बांधायचं तर जुनं पाडावं लागतं. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं. जगात कल्पनाशक्ती शिल्लक आहे तोवर ते पूर्ण होणार नाही, असं वॉल्ट डिस्ने सांगत. ऐकायला छान वाटतं. पण त्याचा अर्थ असाही होतो की तुमच्या बालपणाचा कुठलाही कोपरा तिथे कायमचा नाही.

मी म्हटली ती नदी आता नाही. ६ जुलै २०२५ हा तिचा शेवटचा दिवस. तिच्या जागी 'कार्स' या सिनेमावरचा भाग येतोय. त्याआधी 'स्प्लॅश माउंटन' ही पाण्याची राइड फ्लोरिडात जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. तिचा आधार होता १९४६ चा एक सिनेमा. त्यातलं कृष्णवर्णीयांचं चित्रण इतकं आक्षेपार्ह ठरलं की कंपनीने अमेरिकेत त्याची व्हिडिओ कॅसेटही कधी काढली नाही. बदलायला कारण होतं. तरी ज्यांनी त्या राइडवर आपल्या वडिलांचा हात धरून पहिली किंकाळी मारली, त्यांचं रडूही खोटं नव्हतं. शेवटच्या दिवशी लोक कित्येक तास रांगेत उभे होते. मग जून २०२४ मध्ये त्याच डोंगरात, त्याच पाण्यावर, टियाना या डिस्नेच्या पहिल्या कृष्णवर्णीय राजकन्येची राइड सुरू झाली. ज्या मुलींना त्या पार्कमध्ये आपल्यासारखी राजकन्या आजवर फारशी कुठे दिसत नव्हती, त्यांच्यासाठी ती पहिली आठवण आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी खोटी होत नाही.

अशा वेळी या चाहत्यांत दोन तट पडतात. एक तट फक्त हळहळतो. 'आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही' एवढं एकच वाक्य त्यांच्याकडे असतं, आणि ते कुठल्याही गोष्टीला लागू पडतं. दुसरा तट कामाला लागतो. बंद होण्याआधी राइडचा प्रत्येक कोपरा चित्रित करायचा, संगीत ध्वनिमुद्रित करायचं, पाट्यांवरचा मजकूर उतरवून घ्यायचा. काम सुरू झालं की नियमाने जाऊन बघायचं. अफवा वेगळी आणि कागद वेगळा ठेवायचा. आणि नवं उघडलं की पहिल्या दिवशी रांगेत उभं राहायचं, पूर्वग्रह घरी ठेवून. त्यांचा धीर बघावा. 'ट्रॉन' नावाची राइड २०१७ मध्ये जाहीर झाली आणि उघडली ४ एप्रिल २०२३ ला. मध्ये कोविडने काम थांबलं. हे लोक जवळजवळ सहा वर्षं तिच्या छताचा एकेक तुकडा मोजत होते.

विरोध करायचा तरी ते करतात. १९९८ मध्ये फ्लोरिडातली 'मिस्टर टोड' ही जुनी राइड काढून तिथे विनी द पूची राइड आणायचं ठरलं, तेव्हा हिरवे शर्ट घालून लोक पार्कमध्ये जमले, कंपनीला पोस्टकार्डं पाठवली. ते हरले. सप्टेंबरात राइड बंद झाली. पण आज तुम्ही त्या जागी पूच्या राइडमध्ये बसलात, तर घुबडाच्या घरात एक चित्र दिसतं. त्यात टोड महाशय घराचा दस्त घुबडाच्या हाती सोपवताहेत. बांधणाऱ्यांनी नव्या घरात जुन्या मालकाची आठवण ठेवली. माहीत नसलेल्याला ते नुसतं चित्र आहे. माहीत असलेला ते बघून हसतो, आणि शेजारी बसलेल्या मुलाला गोष्ट सांगतो.

आणखी एक. पार्कच्या मुख्य रस्त्यावर दुकानांच्या वरच्या खिडक्यांवर नावं रंगवलेली आहेत. वाटतं, जुन्या काळच्या वकिलांच्या, शिंप्यांच्या पाट्या असतील. ती पार्क उभं करणाऱ्यांची नावं आहेत. कॅलिफोर्नियात एका खिडकीवर एलायस डिस्ने, कंत्राटदार, असं लिहिलंय. हे वॉल्टचे वडील. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी सुतारकाम केलं होतं.

आता आपल्याकडे येते. आज सकाळी मुख्याध्यापकांनी सांगितलं की पुढच्या उन्हाळी सुट्टीत जुनी कौलारू इमारत उतरवणार आणि तिथे तीन मजली नवी उभी राहणार. तेव्हापासून आपल्या ग्रुपवर काय चाललंय ते तुम्ही वाचताच आहात. अर्धे म्हणतात, आठवणींवर बुलडोझर. अर्धे म्हणतात, पावसात गळणाऱ्या वर्गात आपली नातवंडं बसवायची का? बाईंनो, सरांनो, तुम्ही त्या वर्गांत बादल्या ठेवून शिकवलंय. ती इमारत राहावी असं मी म्हणणार नाही. आताच्या मुलींना धड स्वच्छतागृह आणि कोरडा वर्ग मिळणार असेल, तर माझ्या आठवणीसाठी त्यांनी थांबू नये.

पण नुसतं हळहळून घरी जायचं, असंही मी म्हणणार नाही. जागेवर प्रेम असलेल्या माणसाने पाडकामाच्या वेळी पाठ फिरवू नये, तेव्हाच तिथे हजर राहावं, हे मी त्या कुंपणाबाहेरच्या लोकांकडून शिकले. म्हणून तीन गोष्टी सुचवते.

पहिली, नोंद. प्रत्येक वर्गाची लांबी-रुंदी, खिडक्या, फळे, दारावरचे आकडे, बाकांवर कोरलेली नावं, सगळ्याचे फोटो. आणि घंटेचा आवाज. तो ध्वनिमुद्रित करायला दोन मिनिटं लागतील, नंतर दोन लाख रुपये दिले तरी मिळणार नाही.

दुसरी, लक्ष. गावात राहणाऱ्यांपैकी कुणीतरी एकाने महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, त्याच जागेवरून फोटो काढावा. मंजूर नकाशा काय, कंत्राटात काय लिहिलंय, पैसा कुठवर लागला, हे संस्थेला आदराने विचारावं. देणगी आपण देणार आहोत. आपलं कुणीतरी महिन्याला येऊन बघतंय हे कळलं की कंत्राटदाराचं सिमेंटसुद्धा सुधारतं.

तिसरी, खूण. नव्या इमारतीत जुनीचा एखादा तुकडा असावा. सागवानी दाराची एक चौकट, थोडी कौलं, किंवा ती घंटा. आणि एका भिंतीवर नावं. देणगीदारांची पाटी लागेलच, तिची काळजी नको. मला हवी आहेत ती आपल्याला पाणी भरून देणाऱ्या मावशींची, घंटा देणाऱ्या शिपाईमामांची, आणि नव्या इमारतीवर काम करणाऱ्या गवंड्यांची नावं. पन्नास वर्षांनी एखादं पोर विचारील, ही कोण माणसं? तेव्हा सांगणारं कुणीतरी असावं.

ग्रुपवरचा वाद चालू ठेवायला माझी हरकत नाही. पण उद्या सकाळी ८ वाजता मी टेप घेऊन पाचवी 'अ'च्या वर्गात असेन. मापं उतरवायला एक जण लागेल, फोटोला एक, आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक. गणिताच्या सरांनी येतो म्हटलंय, त्यामुळे बेरजा तपासल्या जातील याची खात्री बाळगा. चहा माझ्याकडून.