चुकीचं शवविच्छेदन



जनावरांचा डॉक्टर थकतो तो नुसत्या फिरतीने नाही. दुग्धज्वराचं उदाहरण घ्या. गाय व्याल्यावर एक-दोन दिवसांत रक्तातलं कॅल्शियम उतरतं, गाय बसते, मान कुशीकडे वळवते. शिरेतून कॅल्शियम दिलं की बहुतेक गायी उठतात. पण तेच घाईने सोडलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून बाटली सावकाश सोडायची आणि ठोके ऐकत राहायचं. आता समजा, भोवती माणसं जमलीत, पलीकडच्या गावातल्या अडलेल्या म्हशीसाठी फोनवर फोन येतायत, आणि गाय दगावली. औषध भरभर गेलं? हृदय आधीच दुबळं होतं? की बोलावणंच उशिरा आलं? उत्तर कुणालाच ठाऊक नसतं. डॉक्टर मात्र एकच उत्तर घेऊन घरी जातो, ‘माझ्यामुळे गेली.’ अशी चार ओझी साठली की पुढच्या गोठ्यात हात कचरतो, नाहीतर मन कोडगं होतं.

याच व्यवसायाच्या हातून एक प्रचंड चूक झाली होती. डायक्लोफिनॅक हे ताप आणि दुखणं उतरवणारं स्वस्त औषध डॉक्टर सद्‌हेतूने टोचत होते. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. थवेच्या थवे नाहीसे झाले. मेलेली गिधाडं उघडून तपासली, तेव्हा कारण सापडलं. पाकिस्तानातलं ते संशोधन 2004 मध्ये प्रसिद्ध झालं. 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केलं आणि मेलॉक्सिकॅमचा पर्याय पुढे आला. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. गिधाडं अजून पूर्वीसारखी परतलेली नाहीत. पण दोषी कोण एवढंच विचारत बसलो असतो, तर औषध तसंच चालू राहिलं असतं.

दोषी न शोधता कारण शोधण्याची ही शिस्त एकेका केसलाही लावता येते. तालुक्यातल्या डॉक्टरांनी महिन्याकाठी एकत्र बसावं, बिघडलेली एक केस मांडावी. काय दिलं, किती, कधी, जनावराची अवस्था काय होती, तेवढंच बोलावं. चूक निघाली तर मालकाला त्याच डॉक्टरने सांगावी. कामाचा भार वाटून घ्यायला हवाच. पण सुट्टी मिळाली तरी न तपासलेली चूक सुट्टीवर जात नाही.

पशुपालकांनाही एक मागणं आहे. जनावर गेलं तर शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून काळपट रक्त आलं असेल, तर मात्र ते उघडायचं नाही. काळपुळीचा संशय असतो. तिथे कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचेवर घेऊन तपासतात. अहवालातून डॉक्टर सुटेलच असं नाही, कधी अडकेलही. पण आपलं नेमकं कुठे चुकलं हे त्याला कळेल, आणि तुमची पुढची गाय कदाचित त्याच्याच हातून वाचेल.