शब्द पाठ नको, वाक्य करा
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



 

मी शिक्षक नाही, बँकेत कारकून आहे. म्हणून मोठे काही न सांगता इंग्रजी शब्द कसे शिकावेत एवढेच सांगणार आहे.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू होई. सन २००० पासून ते आपल्या राज्यात पहिलीपासून आहे. मी सहावीत असताना माझ्या वहीत दोन रकाने होते, एकात शब्द आणि दुसऱ्यात अर्थ. पाठांतरात माझा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. एके दिवशी वडिलांच्या कर्जाबाबत इंग्रजीत पत्र आले. मी ते खडाखडा वाचले. वडील कौतुकाने ऐकत होते. मग म्हणाले, “काय लिहिलंय रे?”

पत्रात ‘बॅलन्स’ शब्द होता. माझ्या वहीत बॅलन्स म्हणजे तोल. पुढे ‘बाय थर्टी-फर्स्ट मार्च’ असे होते. वहीत बाय म्हणजे ने, कडून. मी म्हणालो, “बाबा, तोल सांभाळा म्हणतात. आणि एकतीस मार्चने काहीतरी केलंय.” वडिलांनी विश्वासाने पत्र घडी करून ठेवले. खरा अर्थ होता, उरलेली रक्कम एकतीस मार्चपर्यंत भरा. पैसे एप्रिलमध्ये भरले गेले आणि वर दंडव्याज बसले. वडील मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तेच मला जास्त लागले.

मुलांनो, माझे पाठांतर चुकले नव्हते. मी शब्द एकटा शिकलो होतो, ही माझी चूक होती. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरतो. हाच ‘बाय’ बघा. ‘सिट बाय मी’ म्हणजे माझ्या शेजारी बस. ‘कम बाय फाइव्ह’ म्हणजे पाचपर्यंत ये. ‘धिस बुक इज बाय बाबासाहेब’ म्हणजे हे पुस्तक बाबासाहेबांनी लिहिलेले आहे. शब्द एक, कामे तीन.

आता दुसरी जोडी. ‘बॉरो’ म्हणजे उसने घेणे आणि ‘लेंड’ म्हणजे उसने देणे. मोठी माणसेही यात चुकतात. आपल्या घरातले वाक्य करा. ‘आई बॉरोज शुगर फ्रॉम मावशी.’ आई मावशीकडून साखर उसनी घेते. ‘मावशी लेंड्स शुगर टू आई.’ मावशी आईला साखर उसनी देते. वाटी तीच, साखर तीच. घेणाऱ्याकडून पाहिले की बॉरो आणि फ्रॉम, देणाऱ्याकडून पाहिले की लेंड आणि टू. एकदा ही वाटी डोळ्यांसमोर आली की जन्मात विसरणार नाही.

तिसरी जोडी, ‘हिअर’ आणि ‘लिसन’. ‘आय हिअर अ ट्रेन.’ गाडीचा आवाज कानावर पडतो. ‘आय लिसन टू भन्तेजी.’ भन्तेजींचे मी लक्ष देऊन ऐकतो. आता माझे भाषण तुम्ही हिअर करता की लिसन, ते तुम्हीच ठरवा!

बाबासाहेबांच्या चरित्रात आपण वाचतो की रामजी सुभेदारांनी त्यांच्याकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला करून घेतल्या. भाषांतर म्हणजे वाक्याशी झटापट, नुसती शब्दांची यादी नव्हे. पुढे त्याच बाबासाहेबांनी १९२० साली आपल्या माणसांसाठी ‘मूकनायक’ मराठीत काढले आणि घटना समितीत इंग्रजीतून बाजू मांडली. भगवान बुद्धांनीही आपली वचने लोकांना आपापल्या भाषेत शिकण्याची मुभा दिली, असे विनयपिटकातील चुल्लवग्गात आले आहे. म्हणून मराठी सोडून इंग्रजी शिकू नका. मराठीच्या आधाराने शिका.

वहीला आजपासून तिसरा रकाना आखा. त्यात स्वतःच्या घरातले, गल्लीतले, विहारातले एक वाक्य लिहा. रोज तीनच शब्द घ्या, पण तीन वाक्ये झाली पाहिजेत.

आता माझ्या मायबहिणींना विनंती. “आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय अभ्यास घेणार?” असे म्हणू नका. मुलाने वाक्य वाचले की विचारा, “बाळा, हे मराठीत सांग.” तो अडखळला तर समजा, पाठ झाले आहे, कळलेले नाही. ही परीक्षा घ्यायला अक्षरओळखही लागत नाही. माझ्या वडिलांनी तोच प्रश्न विचारला होता. उत्तर मात्र माझ्याकडे नव्हते.

शेवटी एक शब्द देतो, ‘इक्वल’, म्हणजे समान. वाक्य असे, ‘माय सिस्टर अँड आय गेट इक्वल टाइम टू स्टडी.’ मला आणि माझ्या बहिणीला अभ्यासाला सारखाच वेळ मिळतो. हे वाक्य वहीत लिहिण्याआधी घरात ते खरे आहे का, एवढे पाहा. नसेल तर भांडी घासायला भावानेही बसावे, म्हणजे वाक्य बरोबर होईल.



नमो बुद्धाय! जयभीम!