नियत चांगली, माहिती जुनी
(कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण)



आयोजक मला म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर आहात, कॉम्प्युटरबद्दल बोला." बोलते, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. त्या बाईची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि रविवारी आमच्या मोहल्ल्यातल्या मदत केंद्रात बसते. रेशनकार्ड, शिष्यवृत्तीचे फॉर्म, नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बायकांच्या तक्रारी, सगळं तिथे येतं. आधी नोंदी वहीत व्हायच्या. मी ऑनलाइन शीट बनवली. नाव, पत्ता, मोबाइल, तक्रार असे रकाने केले आणि लिंक कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी वाहवा केली.

महिनाभरात एक बाई आली. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "बेटा, मैं तो सिरफ तेरेकू बोली थी."

तिची तक्रार सासरी पोचली होती. ग्रुपमध्ये तिच्या दिराचा दोस्त होता. त्याचा हेतूही वाईट नसेल, 'घरातलं घरात मिटावं' असं त्याला वाटलं असेल. ती पुन्हा केंद्रावर आली नाही. मी शीट बंद केली, पण त्यानंतर तिच्या घरात जे झालं असेल ते मला थांबवता आलं नाही.

मी एका शिकलेल्या, अनुभवी समाजकार्यकर्तीकडे गेले. ती रागावली नाही. तिने तीन प्रश्न विचारले. लिहून घेताना तिची संमती घेतलीस का? ही माहिती कामासाठी नेमकी कोणाला लागते? ती बाहेर गेली तर तिला धोका कोणाकडून आहे?

मित्रांनो, ऑफिसात मी गिऱ्हाइकांच्या डेटाबद्दल हेच प्रश्न रोज विचारते. मोहल्ल्यातल्या बाईबद्दल ते विचारावेत असं मला वाटलंच नाही. कारण तिथे मी 'खिदमत' करत होते आणि खिदमतीला प्रशिक्षण कशाला लागतं?

ते लागतं, हे ज्यांना फार आधी कळलं, त्यांनाही ते एका मोहल्ल्यातच कळलं होतं. क्लिफर्ड मॅन्शार्ट मुंबईच्या नागपाड्यात 'नेबरहूड हाऊस' चालवत होते. वस्तीत काम करताना त्यांना शिकलेल्या कार्यकर्त्यांची गरज दिसली आणि १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. तीच आजची 'टिस'. म्हणजे आपल्या देशातल्या समाजकार्याच्या शिक्षणाची मुळं नागपाड्यात आहेत. हे आपल्या पोरांना माहीत असायला हवं.

पण एकदा शिकून भागत नाही. पोटगीचंच बघा. १९८५ साली शाहबानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम १२५ खाली पोटगी मान्य केली. १९८६ साली वेगळा कायदा आला आणि 'इद्दतीपुरतीच पोटगी' हे वाक्य घराघरात बसलं. २००१ साली डॅनियल लतिफी निकालाने सांगितलं की नवऱ्याने इद्दतीच्या काळात तिच्या पुढच्या आयुष्याचीही योग्य तरतूद केली पाहिजे. २०१९ च्या कायद्याने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल आणि गुन्हा ठरवला. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलम १२५ चं १४४ झालं. त्याच महिन्यात, १० जुलैला, न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चा मार्गही खुला आहे.

आता एखाद्या केंद्रावर बसलेले चाचा, मनाने अगदी नेक, पण ज्यांचं शिक्षण १९८६ वर थांबलंय. ते समोरच्या बाईला म्हणतात, "बेटी, इद्दतीनंतर काही मिळत नाही." ती उठून घरी जाते. तिचा हक्क कोर्टात हरला नाही, आपल्या टेबलावर हरला.

दुसरं उदाहरण लहान मुलांचं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की 'मोहल्ल्याची इज्जत' म्हणून बैठक बसवून समेट करायचा मोह होतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. ज्याला हे माहीत नाही, तो कार्यकर्ता मदत करतोय असं समजून मुलाला पुन्हा त्याच माणसाच्या हाती देतो.

आपल्या डॉक्टरांना नोंदणी चालू ठेवायला नवं शिक्षण घेतल्याचे क्रेडिट दाखवावे लागतात. इंग्लंडमध्ये समाजकार्यकर्त्यांनाही यंदा काय शिकलो याची नोंद दरवर्षी द्यावी लागते. मोहल्ल्यात बसणाऱ्या तुम्हा-आम्हाला असं कोणी विचारत नाही. मग आपणच एकमेकांना विचारू या.

आमच्या केंद्रावर आता महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोन तास अभ्यास असतो. नाव-गाव न सांगता एक प्रकरण घेतो, कुठे चुकलो ते बोलतो. दिवसभर ऐकलेल्या दुःखाचं ओझंही तिथेच जरा उतरतं. तुमच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, पॅरालीगल स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाची चौकशी करा. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, हे तिथे पक्कं होईल. ज्यांना पदवीच घ्यायची आहे त्यांच्यासाठी पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे, मुंबईत निर्मला निकेतन आहे. आपल्या मुलींनी, मुलांनी इंजिनिअरिंगसारखाच याही शिक्षणाचा विचार करावा. आणि जे आपल्याला येत नाही ते योग्य माणसाकडे सोपवायला शिका. मनाने खचलेल्या माणसाला उपदेश करण्याआधी 'टेलिमानस'चा १४४१६ हा नंबर लावून द्या.

आमच्या नोंदी आता पुन्हा वहीत आहेत. वही कुलपात असते आणि लिहिण्याआधी आम्ही विचारतो, "लिहू का?" कोणी नको म्हणालं तर लिहीत नाही.

माझ्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर जुनं झालं की स्क्रीनवर सूचना येते. कार्यकर्त्याची माहिती जुनी झाली की कसलीच सूचना येत नाही. समोरची बाई फक्त यायची थांबते.