ऑइल खाणारी गाडी
(वाचनवर्गात दिलेले भाषण)

मंडळी, मागच्या खेपेला आपण अर्ज कसा लिहावा ते पाहिले. आज गाडीबद्दल बोलू. आम्ही मॅट्रिक झालो आणि सारा जन्म पोरांना शिकवण्यात गेला. पाना काही आमच्या हाताला शोभत नाही. पण जे डोळ्यांनी पाहिले, ते सांगतो. आपल्याच वर्गात बसणाऱ्या एका गृहस्थांची ही हकिकत. त्यांना विचारूनच सांगतो आहोत. नाव घेत नाही, कारण ते समोरच बसले आहेत.

त्यांची पिकअप गाडी १४ वर्षांची आहे. डिझेलची, टर्बोवाली. सकाळी पारनेर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून दुधाचे कॅन गोळा करायचे. कांद्याच्या दिवसांत नेप्तीच्या नाहीतर घोडेगावच्या बाजारात गोण्या पोचवायच्या. कधी माळशेज घाट उतरून कल्याणला भाजी न्यायची. घरात सात माणसे. सातांचे पोट त्या चार चाकांवर.

ही गाडी ऑइल खाऊ लागली. ४०० किलोमीटर गेली की १ लिटर ऑइल गायब. मागून निळा धूर. शहरातल्या एका गॅरेजात दाखवली. तिथल्या मिस्त्रींनी धूर पाहिला आणि सांगून टाकले, "इंजिन खोलावे लागेल. रिंगा गेल्या. ७० हजार धरून चाला." घरी दोन गाई होत्या. एक विकायची असे ठरले. गाय विकली की दुधाचा पगार अर्धा. घरची बाई दोन दिवस जेवली नाही. मग हे गृहस्थ कर्जाचा अर्ज लिहून घ्यायला आमच्याकडे आले.

आम्ही म्हटले, अर्ज मागाहून लिहू. आधी वही लिहा. तुम्हाला आता अंक येतात, अक्षरे येतात. रोज सकाळी गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन थंड असतानाच ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घालून पाहा. किती किलोमीटर झाले, किती ऑइल घातले, गाडी कुठे गेली होती, सारे लिहा.

इथवर आम्ही बरोबर होतो. पण पुढे आम्ही एक चूक केली, तीही सांगितली पाहिजे. आम्ही म्हणालो, "वाटेत कमी पडायला नको. वरच्या खुणेच्याही वर भरून ठेवा." मास्तरांचा शब्द म्हणून त्यांनी भरले. पट्टीवर दोन खुणा असतात, त्या उगीच नसतात. ऑइल फार वर आले की फिरणारा क्रँक ते घुसळतो. लोणी काढताना डेऱ्यात ताक उडते ना, तसे. ते उडालेले ऑइल हवेबरोबर वर चढते आणि भलत्या वाटेने इंजिनात जळायला जाते.

झालेही तसेच. एका सकाळी डेअरीच्या अंगणात त्यांनी गाडी चालू केली आणि जरा रेस दिली. इंजिन आपोआप ओरडू लागले. पाय काढला तरी वेग वाढतच गेला. चावी बंद केली तरी इंजिन बंद होईना. अंगणभर धूर. बायका कॅन टाकून पळाल्या, पोरे रडू लागली. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेटते. म्हणून डिझेल बंद केले, तरी हवेच्या वाटेने ऑइल आत जात असेल तर इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटते. अशाने इंजिनाचे तुकडे होऊ शकतात. आमच्या गृहस्थांनी डोके शाबूत ठेवले. ब्रेक पुरा दाबला, हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लच एकदम सोडला. गाडीने हिसका दिला आणि इंजिन मेले. हे ध्यानात ठेवा. गिअर टाकता आला नाही, तर उतरा, माणसांना लांब न्या. हवेच्या पाइपावर हात धरायला कोणी जाऊ नये.

गाडी तिथेच उभी राहिली. तालुक्याच्या ठिकाणचे एक वयस्क फिटर आले. त्यांनी पान्याच्या आधी वही मागितली! आम्हाला तर भरून आले. त्यांनी बोट ठेवून वाचले. जास्त भरले त्या दिवसापासून ऑइल जास्त उडते. माळशेज चढून आले त्या दिवशीही जास्त. खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर डाग नाही, म्हणजे गळती नाही. ऑइल जळतेच आहे, पण कुठल्या दाराने जाते ते पाहू, असे ते म्हणाले.

आता टर्बो म्हणजे काय ते थोडे सांगतो. आपल्या विहिरीवरची जुनी इंजिने पाहिली आहेत ना? पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना १९४६ सालची. ती इंजिने आपली आपण हवा ओढतात. टर्बोवाल्या इंजिनात धुराच्या जोराने एक चाक फिरते. त्याच दांड्यावर दुसरे चाक असते, ते बाहेरची हवा दाबून आत भरते. हवा जास्त, म्हणून ताकद जास्त. ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराची, १९०५ सालची. हे चाक मिनिटाला लाखावर फेरे घेऊ शकते. त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ते ऑइल वरून जोराने येते, पण परत खाली जाते ते आपल्या वजनाने, एका पाइपातून. हा परतीचा पाइप तुंबला, की ऑइल टर्बोतून हवेच्या वाटेला लागते.

दुसरी एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. इंजिनाच्या पोटातली वाफ आणि धूर तिच्यातून बाहेर पडतो. ती तुंबली की पोटात दाब वाढतो. मग परतीचे ऑइलही खाली उतरत नाही.

फिटरांनी टर्बोपुढचा रबरी पाइप काढला. थोडा ओलावा असला तर चालतो म्हणाले, पण इथे वाटीभर ऑइल निघाले. पुढे हवा थंड करणारी जाळी असते, तिच्यातही साचले होते. पळत सुटलेल्या इंजिनाला तेच ऑइल मिळाले होते. ब्रीदर काळ्या चिकट गाळाने भरलेला. परतीच्या पाइपात काजळीचे कडक थर. एअर फिल्टर मातीने गच्च. आपल्याकडे पाऊस कमी, मुरमाचे रस्ते, वर्षातले आठ महिने फुफाटा. फिल्टर तुंबला की टर्बो तोंडाने हवेऐवजी आपल्याच बाजूचे ऑइल चोखतो. आणि फिल्टर फाटला तर माती आत जाऊन रिंगा घासते. ते त्याहून वाईट.

टर्बोचा दांडाही त्यांनी बोटाने हलवून पाहिला. बाजूला किंचित हलला तर ठीक, पण पाते घराला घासता कामा नये, आणि मागेपुढे तर जवळजवळ हलूच नये. तो चांगला होता. सारे धुतले, नवा फिल्टर, नव्या गॅस्केटी, नवा परतीचा पाइप. जुने ऑइल काढून कंपनीच्या पुस्तकात लिहिले आहे त्याच नंबरचे, दोन खुणांच्या मध्ये भरले. मग गाडी चालू करून ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहिले. खालून धुराचे लोट येऊन झाकण नाचू लागले, तर रिंगा गेल्या समजायचे. झाकण थोडे हलले, नाचले नाही. सारा खर्च साडेपाच हजार.

गॅरेजवाले खोटे बोलले असे आम्ही म्हणत नाही. रिंगा थोड्या झिजल्याच आहेत. सकाळी चालू करताना थोडा निळा धूर अजून येतो, तो व्हॉल्व्हच्या रबरी सीलचा, असे फिटरांचे मत. पण स्वस्त दुखणे आधी पाहायचे सोडून त्यांनी महागाचे आधी सांगितले, याचा आम्हाला राग आहे. ७० हजारांचे काम करूनही तुंबलेला पाइप तसाच राहिला असता, तर नव्या रिंगांसकट गाडी ऑइल खातच राहिली असती.

फिटरांनी आणखी एक सवय लावली. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही. मिनिट-दोन मिनिटे तशीच चालू ठेवायची. तापलेला टर्बो ऑइलने निवतो. एकदम बंद केली तर त्यातच ऑइल करपून काजळी होते. परतीच्या पाइपात जी निघाली, ती बहुधा अशीच झाली असावी. मोबाइलवर बोलत बोलत चावी फिरवायची खोड होती ना!

आता वहीत दर पानावर एकच ओळ भरते. २५०० किलोमीटरला १ लिटर. दिवाळीनंतर व्हॉल्व्हचे सील बदलायचे ठरले आहे, त्याचे पैसे दुधाच्या पगारातून बाजूला टाकणे चालू आहे. गाय घरीच आहे. मागच्या महिन्यात व्याली.