सेव्ह झालं का रे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



मला आधी पाण्याच्या टाकीवर बोला म्हणाले. पंचवीस वर्षांत टाकीवर आपण इतकं बोललो, की टाकीलाही कंटाळा आला असेल. म्हणून मी टीव्हीला लावायच्या व्हिडिओ गेमवर बोलते. हसू नका.

इथं राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी कापसाचा चुकारा मिळाला आणि आमच्या यांनी नागपूरच्या सीताबर्डीवरून मुलासाठी गेम आणला. एक डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळी कॅसेट. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १९८३ साली 'फॅमिकॉम' काढला, त्याचीच ती नक्कल. कॅसेटवर हजारो खेळ छापलेले, आत मात्र तेच दहा-पंधरा नावं बदलून फिरत. चित्र आलं नाही की कॅसेट काढून फुंकायची, पुन्हा खोचायची.

रिमोटची वायर आखूड. खेळणारे दोघं टीव्हीपुढे मांडीला मांडी लावून बसत आणि मागे सोसायटीतली सगळी पोरं. "तुझे तीन जीव झाले न बे, दे आता!" हा आवाज ज्यांचा होता, त्यातले दोघं-तिघं आज समोर बायको-पोरांसह बसले आहेत. लोडशेडिंगचं वेळापत्रक या पोरांना शाळेच्या वेळापत्रकापेक्षा पक्कं पाठ होतं.

मारिओच्या खेळात आठ दुनिया, प्रत्येकीत चार टप्पे, म्हणजे एकूण बत्तीस. एका रविवारी आमचा मुलगा पहिल्यांदाच आठव्या दुनियेत पोचला. तेवढ्यात ट्यूशनची वेळ झाली. त्यानं खेळ थांबवला, टीव्ही बंद केला आणि डबा तसाच चालू ठेवून गेला. मी पाहिलं तर डब्यावर लाल दिवा. विजेचं बिल काय कमी येते? मी बटण बंद केलं.

संध्याकाळी तो रडला नाही. जेवलाही नाही. मी म्हटलं, "पुन्हा लाव नं, जिथं थांबला तिथून." माझ्या डोक्यात सिनेमाची कॅसेट. ती थांबवली तिथंच थांबते. या कॅसेटमध्ये आपण कुठवर आलो हे लिहून ठेवायला जागाच नव्हती. वीज गेली की सगळं पुसलं. मुलाला वाटलं, आईनं मुद्दाम केलं. हे त्यानं मला सांगितलं ते स्वतः बाप झाल्यावर.

तेव्हाच त्यानं पुढचंही समजावलं. निन्टेंडोनंच १९८७ साली अमेरिकेत आणलेल्या 'झेल्डा'च्या कॅसेटमध्ये नाण्याएवढी बॅटरी होती, खेळ लक्षात ठेवायला. म्हणजे आमचा डबा घरी आला तेव्हा उपाय निघून दहा वर्षं उलटली होती! १९९४ च्या प्लेस्टेशनला सीडी आली आणि जपून ठेवायला वेगळं मेमरी कार्ड. २००१ च्या एक्सबॉक्सच्या पोटातच हार्ड डिस्क. आता नातवाकडे जो आहे त्याला रिमोटची वायर नाही, हवी तर चकतीही लागत नाही, खेळ इंटरनेटवरून उतरतो. नातू इथं बसून हैदराबादच्या मित्राशी खेळतो. मागे बसून ओरडणारं मात्र कोणी नसते, हे मला खटकते.

उन्हाळ्यात नातवाला ती जुनी बंदूक दिली. बदक एकही पडेना. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. तो हिशेब जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचा, नव्या सपाट टीव्हीवर जुळत नाही.

आजही घरात कोणतंही बटण बंद करताना मी आधी विचारते, "सेव्ह झालं का रे?" सून हसते.

तर विनंती एवढीच. आमचा डबा माळ्यावर आहे, अजून चालतो. तो मी सोसायटीच्या हॉलला देते. कोणाकडे पिक्चर ट्यूबचा टीव्ही धूळ खात पडला असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी मला सांगा. आणि हॉलचं मेन स्विच बंद करणाऱ्यांनी आधी आत डोकावून पाहा.